तिसरी लाल वायर

सकाळपासून वारा असा पडला होता की दोरीवरचं फडकंसुद्धा हलत नव्हतं. ढग खाली उतरून गच्च्यांवरच्या टाक्यांना टेकले होते. आठ वाजले तरी घरात दिवा लावावा लागत होता. लिफ्टवाला दारापाशी जुनं वर्तमानपत्र अंथरून त्यावर हत्यारांची पिशवी ओतून बसला होता. हे त्याचं रोजचं सकाळचं काम. पक्कड, पाने, टेस्टर, ग्रीसचा डबा. एकेक उचलायचं, पुसायचं, आपापल्या कप्प्यात ठेवायचं. देव पुसावेत तसा हा पाने पुसतो, असं बायको म्हणायची.

सगळ्यात शेवटी लाल वायरी. दोन्ही टोकांना चिमटे असलेल्या हातभर लांबीच्या तीन वायरी. लिफ्ट का अडली ते कळत नसेल तर मशीनच्या खोलीतल्या पेटीत ही वायर लावायची. मग लिफ्टला वाटतं, सगळी दारं घट्ट बंद आहेत. ती फसते आणि चालू लागते. मेकॅनिकला दोष सापडतो. मग वायर काढायची. काढायचीच. ज्याच्या हाताखाली तो शिकला तो म्हातारा उस्ताद सांगायचा, "बाबा रे, बायकोला विसरलास तर ती शिव्या देईल. ही लाल बया विसरलीस तर माणूस मरेल. नेल्या किती, आणल्या किती, मोजल्याशिवाय जिना उतरायचा नाही."

त्यानं मोजल्या. दोन.

परत मोजल्या. दोन मोजायला कितीसा वेळ लागतो! पिशवी उलटी करून झटकली, कप्पे चाचपले, वर्तमानपत्र उचलून पाहिलं. कालच्या पँटचे खिसे बाहेर काढले.

"काय हरवलं?" बायकोनं आतून विचारलं. ती कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्री करायची आणि साडेआठला निघायची.

"काही नाही गं."

हे 'काही नाही' तिनं पंधरा वर्षं ऐकलं होतं. ती हात पुसत बाहेर आली आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली. "इकडे बघा. माझ्याकडे बघा म्हणते ना. तोंड उघडा."

त्यानं मुकाट्यानं तोंड उघडलं. तिनं नाक जवळ नेऊन वास घेतला. मग हनुवटी धरून डोळे पाहिले. वास नव्हता. सात महिने झाले, नव्हता. "मग चेहरा असा का झालाय? कुणी मेल्यासारखा?"

"झोप नीट झाली नाही," तो म्हणाला.

झोप चांगली झाली होती. घोळ झोपेच्या आधीचा होता. काल दुपारी तीनला तिसऱ्या इमारतीतून तो बाहेर पडला, तिथल्या फाटकाला नवा हिरवा रंग दिला होता आणि तो बाहीला लागला, इथवर सगळं स्वच्छ आठवत होतं. त्यानंतरची आठवण एकदम घरातल्या नळाची. साबणाचा फेस, अंधारलेली खिडकी, आणि बायको म्हणतेय, किती वेळ हात धुताय? मधले तीन तास नव्हते. फाटलेल्या पानासारखे गेले होते.

आणि हे काही पहिल्यांदा झालेलं नव्हतं.

त्याला सगळे पाहुणा म्हणत. नाव पाडलं आईनं. बाप तापट, हात उचलायला कारण लागायचं नाही. बापाचा आवाज चढला की थोरला भाऊ पळायचा, बहीण रडायची, आणि हा जागच्या जागी उभा राहायचा. समोरच्या भिंतीवरच्या झरोक्याकडे बघायचा आणि निघून जायचा. पाय तिथेच असायचे, गालावर वळ उठायचे, पण हा झरोक्यातून बाहेर. बाप दमून थांबला की परत यायचा. "आला का पाहुणा?" आई डोळे पुसत म्हणायची. तिला ती थट्टा वाटायची. पोराला मार लागत नाही म्हणून बरंही वाटत असेल. पण तेव्हा जी सवय अंगात भिनली ती मोठेपणी कुणी काढून घेतली नाही. साहेब ओरडला, दोन माणसं भांडायला लागली, दवाखान्यात सुई टोचली, की हा गेलाच.

एरवी माणूस लाखात एक. खुर्चीला पाय लागला तर खुर्चीची माफी मागेल. कुणाला नाही म्हणणं जमायचं नाही. केलेलं काम तीनतीनदा तपासायचा, आणि तरी जिना उतरताना मनात किडा वळवळायचाच. त्या किड्याला गप्प करायला दारू बरी पडली. दोस्त प्यायचे हसायला, गायला, बायकोच्या नावानं रडायला. हा प्यायचा जायला. झरोक्याचा मार्ग वर होता, दारूचा अगदी पायरीला लागून. शिवाय दारूची एक मोठी सोय होती. कुणी काही विचारायचं नाही. एकदा तो कुठल्याशा आगगाडीच्या स्टेशनावर बाकावर भानावर आला, तेव्हा मांडीवर परक्या बाईची छत्री आणि दोन किलो कांदे. मित्रांनी वर्षभर ती गोष्ट सांगून पोट धरून हसून घेतलं. "पाहुण्यानं त्या दिवशी नवा संसार मांडला होता!" तोही हसला. त्यानं कुणाला सांगितलं नाही की त्या दिवशी त्यानं फक्त एकच ग्लास घेतला होता, आणि तोही सकाळी.

व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एक लांबलचक कागद वाचून दाखवला होता. चालताना मधला रस्ता आठवत नाही असं होतं का? आपल्या जवळ अशी वस्तू सापडते का, जी कुठून आली ते माहीत नाही? आपलेच हात दुसऱ्याचे वाटतात का? तो प्रत्येकाला "नाही" म्हणत गेला. "दारू प्यायल्यावर होत असेल," त्यांनी मान वर करून विचारलं, "पण न पिता?" हो म्हटलं तर वेड्यात काढतील. दारुड्याला घरी परत घेतात, वेड्याला कोण घेणार? "नाही बाई," तो म्हणाला. "दारूमुळेच सगळं."

आता त्यानं कालच्या कामाच्या चिठ्ठ्या काढल्या. चार होत्या. आठवत होत्या तीनच, पण चौथीवरही त्याचंच अक्षर होतं. नेहमीपेक्षा सुरेख, जसं काही कुणी पाठीवर हात ठेवून लिहून घेतलंय. 'चौथ्या मजल्याचे दार नीट लागत नाही, लिफ्ट अडते, अशी तक्रार. तपासले. लिफ्ट सुरू केली. ठीक.' खाली सही. वेळ, सव्वापाच.

त्या इमारतीतलं चौथ्याचं दार त्याला माहीत होतं. कुलपाचा खटका झिजला होता. दार लोटलं की लागल्यासारखं दिसायचं, पण लागलेलं नसायचं. म्हणून लिफ्ट तिथेच अडून बसायची, आणि लोक तिला शिव्या घालायचे. पण ती अडायची तेच बरं होतं. दार उघडं असेल तर त्यामागे निदान लिफ्ट तरी असायची. आता पेटीत लाल वायर असेल तर लिफ्ट अडणार नाही. ती निघून जाईल. मागे नुसतं लोटलेलं दार, आणि दारामागे चार मजली विहीर.

चिठ्ठीवर वॉचमनचा नंबर होता. त्यानं फोन लावला.

"काय पाहुणे, सकाळी सकाळी!" वॉचमनचा आवाज भलताच खुश. "काल काय जादू केलीत हो? कालपासून एकदाही अडली नाही बघा! आयुष्यात पहिल्यांदा."

आता एवढंच म्हणायचं होतं, बंद करा. दोन शब्द. जीभ टाळूला चिकटली. बंद का, असं विचारतील. ऑफिसला कळेल. पाहुणा परत प्यायला लागला, असं सगळीकडे होईल. बायको लाँड्रीत उभी असताना तिला येऊन कुणीतरी सांगेल.

"मी येतोच आहे," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

बसमध्ये वीस मिनिटं. ती वीस मिनिटं तो पुढं जन्मभर मोजणार होता. थांब्याथांब्यावर माणसं चढत होती, उतरत होती. हातातला फोन घामानं निसटत होता. परत लाव. लाव ना. अंगठा बटणावर जायचा आणि थांबायचा. आणि मग ते सुरू झालं. बसचा आवाज हळूहळू लांब जायला लागला, कापूस घातल्यासारखा. दांडी धरलेला हात कुणा दुसऱ्याचा दिसायला लागला. भीती वाढली की तो जायचा, आणि इतकी भीती त्याला आयुष्यात वाटली नव्हती. आत्ता गेलो तर उतरणार कोण? पोचणार कोण? संध्याकाळी घरी साबणानं हात धूत उभा असेन, आणि तिकडे कुणीतरी... त्यानं जीभ दातांखाली धरून कचकन चावली. रक्ताची खारट चव आली. शेजारची बाई सरकून बसली. पण बसचा खडखडाट परत कानात शिरला.

इमारतीच्या दारात वॉचमन स्टुलावर बसून चहा पीत होता. लिफ्ट तळमजल्यावर उभी होती. "या! पेढे घेऊन आलात की काय बक्षीस मागायला?"

"कुणी... कुणाला काही झालं नाही ना?"

"कुणाला काय होणार? आत्ता आजी उतरतील चौथ्यावरून, त्याच तुमचं कौतुक करतील. काल म्हणाल्या..." तेवढ्यात लिफ्टच्या चौकटीवरचा दिवा लागला. वॉचमन हसला. "घ्या. आजींनी दाबलंच बटण."

रिकामी लिफ्ट घरघरत वर निघाली.

चौथ्या मजल्यावरच्या आजींना तोही ओळखत होता. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यानं सावल्या दिसत, कान जवळजवळ गेलेले. लिफ्ट आल्याचा आवाज त्यांना येत नसे. त्यांची साधी रीत होती. बटण दाबायचं, घराला कुलूप लावायचं आणि मग लिफ्टचं दार ओढत राहायचं. उघडलं की लिफ्ट आली, आत पाऊल टाकायचं. वीस वर्षं त्या दारानं त्यांना फसवलं नव्हतं.

तो जिन्याकडे धावला. वर जाऊन मुख्य बटण बंद करावं का? पण त्यानं लिफ्ट थांबेल, दार थोडंच लागेल! पहिला मजला. जाळीतून लिफ्टचे दोर सरकताना दिसत होते. "आजी!" तो ओरडला. "दार उघडू नका!" आवाज जिन्यात घुमून त्याच्याच अंगावर परत आला. दुसरा मजला. छातीत भाता. आणि पायऱ्या लांब जायला लागल्या. त्याला वरून स्वतःचं डोकं दिसलं, टक्कल पडत चाललेलं, जिन्यात हलणारं. नको. आत्ता नको. तो मोठ्यानं पायऱ्या मोजायला लागला. "एक! दोन! तीन!" तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून कुणीतरी डोकावलं. "बारा! तेरा!" वेडा म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

चौथ्यावर पोचला तेव्हा दार सताड उघडं होतं. चौकटीत काळोख आणि त्यात लोंबणारे तेलकट दोर. आजींचा एक हात दाराच्या मुठीवर होता, दुसऱ्या हातातली कापडी पिशवी आधी आत टाकायला पुढे केली होती आणि उजवा पाय उचललेला होता. त्यानं झेप घेऊन त्यांचं मनगट धरलं आणि मागे ओढलं. दोघंही भिंतीवर आदळली. पिशवी निसटून आत गेली. क्षणभर काहीच नाही. मग खालून धप्प. वर येणाऱ्या लिफ्टच्या टपावर ती पडली होती.

"अरे मेल्या, सोड हात! चोर! चोर आलाय गं!" आजी त्याला चपलेनं बडवायला लागल्या. बाईला जोर भलताच होता. तो मार खात होता आणि हात सोडत नव्हता. त्यांच्या समोर लिफ्ट सावकाश वर आली आणि शहाण्यासारखी चौथ्या मजल्याला लागून थांबली. मग आजींचा हातही थांबला. त्यांनी त्या उजळलेल्या चौकोनाकडे तोंड वळवलं. "ही... ही आत्ता आली?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो आजी."

"मग मघाशी मी कशात पाय टाकत होते?"

आजी भिंत धरून खाली बसल्या.

मागून धापा टाकत आलेल्या वॉचमनला दारापाशी उभं करून तो मशीनच्या खोलीत गेला. पेटी उघडली. वायर तिथेच होती, दोन्ही चिमटे नीट बसवलेले, सफाईचं काम. हे हात कुणाचे होते? त्यानं वायर काढली. आता ती खिशात घातली तर जगात कुणाला काही कळणार नव्हतं. खाली वॉचमन आजींना सांगत होता, "जुनंच झालंय हो दार, पाहुणे आले म्हणून वाचलात!" आजी आशीर्वाद देत होत्या. देव म्हणून मिरवायची संधी आयती चालून आली होती. तो यंत्राच्या ओट्यावर बसला. उद्या दुसरी इमारत. परवा तिसरी. तिथे पाठवलं कुणाला जाईल, पाहुण्याला की त्या दुसऱ्याला?

त्यानं सुपरवायझरला फोन केला. या वेळी जीभ अडली नाही. ती सुजली होती, म्हणून बोबडं आलं, एवढंच.

सुपरवायझर तासाभरात आला. भारी शरीर, चढून चढून लाल झालेला. आल्या आल्या त्यानं श्वास तपासायचं यंत्र पुढे केलं. "फुंक."

शून्य.

"जोरात फुंक. बोबडा बोलतोयस, मला काय कळत नाही?"

"जीभ चावलीय साहेब."

शून्य. सुपरवायझरनं यंत्र हातावर आपटलं, स्वतः फुंकून पाहिलं, परत त्याच्या तोंडाला लावलं. शून्य. मग त्याचा आवाज खाली आला. "हे बघ, पाहुण्या. काल प्यायला होतास असं लिहून दे. मी सांभाळून घेतो. दोन-तीन महिने घरी बसशील, दवाखान्याचा कागद आणशील, परत ये. दारू आम्हाला कळते रे. माझा सख्खा मेव्हणा पितो."

खरंच किती सोपं होतं! लोक शिव्या देतील, बायको रडेल, पण सगळ्यांना कळेल काय झालं ते. त्याच्या जिभेवर 'हो' आलं होतं. सुटकेसारखं. मग उघड्या चौकटीतला तो काळोख समोर आला आणि उचललेला पाय.

"काल प्यायलो नव्हतो साहेब. सात महिन्यांत थेंब नाही."

"मग काय झालं होतं?"

"मी तिथे नव्हतो."

"म्हणजे? काम दुसऱ्यानं केलं?"

"काम मीच केलं. पण मी नव्हतो."

सुपरवायझर एक पाऊल मागे सरकला. पंचवीस वर्षांत दारू पिऊन कामावर आलेल्या माणसांना त्यानं कॉलर धरून बाहेर काढलं होतं, पण असं मागे सरकताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं. "पेटीला हात लावू नकोस," तो म्हणाला. "कुठल्याच. गोदामात बस. डॉक्टर काय म्हणतात ते लेखी आण."

घरी बायकोनं सगळं उभ्यानं ऐकलं. मग सवयीनं तिनं त्याचा शर्ट नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"वास आला असता तर बरं झालं असतं हो," ती म्हणाली. "वासाशी भांडता येतं. याच्याशी मी काय करू?"

"डॉक्टरीणबाईंकडे येशील?"

"येईन. पण आता खरं सांगा. माझ्यासमोर सांगा."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यानं सांगितलं. झरोक्यापासून. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दारू सुटली म्हणून हे थांबेलच असं नाही. पुष्कळांच्या बाबतीत हे दारूच्या आधीपासून असतं, दारू त्यावर पांघरूण घालते. पांघरूण निघालं की उघडं पडतं, आणि माणूस घाबरून परत पांघरूण शोधायला जातो. सगळ्यात मोठा धोका तो. वेळ लागेल. दर आठवड्याला यायचं. तोपर्यंत ज्या कामात दुसऱ्याचा जीव आहे ते करायचं नाही. त्यानं विचारलं, जाईल ना हे? बाई म्हणाल्या, "कमी होईल." बायकोनं त्याचा हात इतका घट्ट धरला होता की तिची बोटं पांढरी पडली होती. कुणाचा आधार कुणाला होता, सांगणं कठीण.

गोदाम तळघरात होतं. एकच दिवा, त्याची नळी मिणमिणती. भिंतीला लावून जुन्या दारांच्या चाकांचा ढीग, वर्षानुवर्षांचं काळं ग्रीस बसलेलं. त्याच्यासमोर रॉकेलचं घमेलं ठेवलं होतं आणि एक ब्रश. तिसऱ्या प्रहरी वरून कुणाच्या तरी हसण्याचा आवाज आला, आणि तो हळूहळू लांब जायला लागला. त्यानं दोन्ही हात मनगटापर्यंत थंडगार रॉकेलमध्ये बुडवले आणि तसेच ठेवले, आवाज जवळ येईपर्यंत.

मग ढिगातून एक चाक उचललं आणि घासायला घेतलं.